निंबावरची लग्गड जोडी

सहदेव माळ्याची वांगी राजापेठेकडच्या बाजारात रोज खपत, पण माळी म्हणून त्याला फारसं कोणी ओळखत नसे. 'बाजवाला सहदेव कुठं राहते?' असं विचारलं, की अमरावतीच्या परकोटातला कोणीही भातकुलीच्या वाटेकडे बोट दाखवी. तिथं नाल्याच्या काठी त्याचा मळा होता, विहीर होती, आणि कोपऱ्यावर एक उंच, जुनं निंबाचं झाड होतं.

वाफ्यावरून एखादी सावली सरकली, की मान वर न करता सहदेव पाखराचं नाव सांगे. सावली शेपटीशी चिरलेली असली आणि डोलत डोलत गेली, तर घार. ती काही मारायची नाही, खाटकाच्या दुकानावर नजर ठेवून आयतं उचलणार. सावली एकाच जागी थरथरत राहिली तर कापशी. कापसाच्या बोंडासारखं पांढरं अंग, खांद्यावर काजळाचा पट्टा, डोळा मात्र इंगळासारखा लाल. उंदीर दिसला की हवेतल्या हवेत खुंटी ठोकल्यासारखी थांबते आणि मग पाय लोंबते सोडून खाली उतरते. आणि सावली दिसली न दिसली तोच जांभांच्या, म्हणजे पेरूंच्या, झाडांत चिमण्यांचा कालवा उठला, तर शिक्रा. बाजूच्या मळ्यातला शालिकराम कधी कधी मुद्दाम वर पाहून खात्री करून घेई. सहदेव चुकल्याचं त्याला आठवत नव्हतं.

ही विद्या सहदेवाला एलिचपुरात मिळाली होती. बारा वर्षांचा असताना मामानं त्याला तिथल्या एका जहागीरदाराच्या शिकारखान्यात नेऊन सोडलं. चाळीस पाखरं होती तेव्हा तिथं. करीमबख्श नावाचे म्हातारे उस्ताद होते. ते म्हणत, शिकारी पाखरांच्या जाती कितीही असोत, आधी डोळा पाहा. पिवळ्या डोळ्याचा वेगळा, काळ्या डोळ्याचा वेगळा. शिक्रा, बाज हे पिवळ्या डोळ्यांचे. पंख आखूड, शेपूट लांब. झाडात दडून बसतील, भक्ष्य टप्प्यात आलं की झेप घेतील, आणि नेम चुकला तर फांदीवर फुगून बसतील. बहिरी, तुरुमती, लग्गड हे काळ्या डोळ्यांचे. पंख लांब आणि टोकदार. हे लपायचे नाहीत. उघड्या आभाळात चढून वरून दगडासारखे कोसळायचे. दोघांतही मादी मोठी आणि नर लहान. म्हणून शिकारीसाठी मादी धरायची.

धरायची तीही हिवाळ्याच्या तोंडाशी, वर्षभराच्या आतली. घरट्यावरची मादी कधी धरायची नाही, असं उस्तादांनी सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सहदेवानंही विचारलं नाही.

वीस वर्षांजवळ तो तिथं राहिला; मधे लग्न झालं, लेक झाली, पण घरी येणं सणावारापुरतंच. मग वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल आला, जहागिरीचा वसूल आटला, पाखरं हैदराबादेकडे विकली गेली. उस्ताद त्याच पावसाळ्यात वारले. सहदेव तिशीचा होऊन घरी परतला तेव्हा त्याला ससाण्याच्या डोळ्यावर टोपी चढवता येत होती, पण मोटेचा नाडा कसा धरायचा हे ठाऊक नव्हतं.

मळा सांभाळला होता तो त्याची बायको सत्यभामा हिनं. ती अंगानं बारीक, बोलायला रोखठोक. सासरे गेल्यावर तिनंच शालिकरामाच्या बैलांशी सावड करून वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरची पिकवली, जांभाची वीस झाडं लावली आणि सुभद्राला, एकुलत्या लेकीला, वाढवलं. सहदेव परतला तेव्हा तिनं त्याला पहिल्याच दिवशी खुरपं दिलं. "पाखरं मंग पाहाल," ती म्हणाली, "आंदी हे गवत काढा."

तो गवत काढायचा, पण मन मुठीवर असायचं. डाव्या मुठीवर पाखराचं वजन नाही, म्हणजे हात तुटल्यासारखं वाटे त्याला.

निंबावर लग्गडाची जोडी आली ती अठराशे साठ सालच्या आसपास. कावळ्यानं टाकलेलं जुनं घरटं त्यांनी बळकावलं. सहदेवानं एक नजर टाकली आणि सांगितलं, "लग्गड हाय. बहिरीइतकं नाही, पण बरं पाखरू. जोडीनं शिकार करते. एक खालून उठवते, दुसरं वरून मारते." एवढं बोलून तो कामाला लागला. त्याच्या लेखी ते ओळखून संपलं होतं.

सत्यभामेचं तसं झालं नाही. आधी तिला त्यांचा उपयोग दिसला. दरवर्षी राघूंचे थवे येऊन जांभं आणि मिरच्या कुरतडून जात. ती थाळी बडवून बडवून थके. जोडी आली त्या वर्षी राघू नाल्याच्या अलीकडे फिरकले नाहीत. मग हळूहळू तिला त्यांचं पाहणंच लागलं. विहिरीच्या धावेवर बसून भाकर खाताना तिची नजर निंबावर असे. चार वर्षं पौष-माघात तिनं अंडी घातलेली ओळखली आणि चैत्रात पिलं उडालेली पाहिली. मादीच्या शेपटीचं एक पीस कायम वाकडं यायचं, म्हणून तिनं तिचं नाव वाकडी ठेवलं होतं. सांजेला ती कधीमधी सांगू लागे, "आज काय झालं माहीत हाय काय जी? नरानं होला आणला, पण त्यानं..."

"अवं, मले काय सांगतं?" सहदेव हसून म्हणे. "चाळीस पाखरं होती माह्या हाताखाली."

आणि ती गप्प होई.

त्याच सुमारास वऱ्हाडाचा कापूस सोन्याच्या पायरीवर चढला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद झाला होता आणि विलायतेतल्या गिरण्यांना आता इथला हवा होता, एवढं लोकांना कळलं. अमरावतीच्या बाजारात बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग परकोटाच्या वेशीपासून दूरवर लागे. धुरळा आणि कापसाचे तंतू यांनी माणसांच्या भुवया पांढऱ्या होत. ज्यांच्या अंगावर कालपर्यंत जाडंभरडं होतं त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या. ज्वारीची वावरं कापसाखाली गेली. गवताचे पट्टेही नांगराखाली जाऊ लागले.

पंजाबराव पाटील हे त्यांतलेच एक. भातकुलीकडे त्यांची काळी जमीन होती. माणूस वाईट नव्हता. हौशी होता, आणि हौस पुरवायचे दिवस अचानक आले होते. चौसष्ट सालच्या माघ अखेरीला ते घोड्यावरून सहदेवाच्या मळ्यावर आले. सत्यभामा तेव्हा घरी नव्हती. सुभद्रा अकोल्याला दिली होती, तिचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून ती पंधरा दिवसांपूर्वी बैलगाडीनं तिकडे गेली होती. जाताना तिनं घरातल्या दहा गोष्टी बजावल्या होत्या आणि शेवटी निंबाकडे पाहून म्हणाली होती, "अंड्यावर बसली हाय वाकडी. त्याइच्याकडे ध्यान ठेवजा."

पंजाबराव खाटेवर बसले. पाणी प्याले. म्हणाले, "सहदेवा, फागुनात पोराचं लगन हाय. वरात अमरावतीत येऊन राहिली. आता हत्ती-घोडे तं कोणीबी आणते. पण जुन्या जहागीरदाराइच्या मुठीवर बाज राहे, तसा माह्या मुठीवर पाह्यजे. वऱ्हाडात हे करणारा तू एकटा उरला."

"पाटील, आता कोठचं पाखरू?" सहदेव म्हणाला. "नवं पाखरू कार्तिकात धरा लागते. बहिरी आता उत्तरेकडे निंघाली असंल."

"मंग नाही होत म्हण ना. तसं सांगतो लोकाइले. सहदेव उस्तादाची विद्या गेली म्हणून."

उस्ताद. दहा वर्षांत हा शब्द कोणी त्याच्यापुढे उच्चारला नव्हता. पंजाबरावांनी मोबदल्याची गोष्ट काढली तीही त्यानं नीट ऐकली नाही. त्याला दिसत होती अमरावतीची पेठ, दोन्हीकडे माणसांची भिंत, आणि मधून चाललेला तो.

"पाखरू शिकवाले तीन हप्ते देता?" त्यानं विचारलं.

"दिले," पाटील म्हणाले.

त्या दुपारी सहदेवानं बऱ्याच दिवसांनी निंबाकडे नीट पाहिलं. अंडी फुटली होती. मादी घरट्याच्या काठावर पंख पसरून उभी होती. तिच्या सावलीत पांढऱ्या लोकरीचे तीन गोळे हलत होते. त्याला उस्तादांचं बोलणं आठवलं. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. मादी गेली तरी नर आहे. शिकार तर बहुतेक तोच करतो, हे आपण पाहतोच. बापाच्या जिवावर पिलं वाढतील. तीन आठवड्यांनी मादी सोडून देऊ. कोणाचं काय नुकसान?

पेटीतून त्यानं जुनं जाळं काढलं. काळ्या बारीक सुताचं, दोन हात रुंद, दोन बांबूंमध्ये उभं करायचं. उन्हात ते दिसत नाही. त्याच्यामागे त्यानं एक घुबड खुंटीला बांधलं. पिलं असलेल्या पाखराला घुबड खपत नाही, हे एलिचपुरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. घुबड रात्री पिलं नेतं, म्हणून दिवसा दिसलं की आई जिवाची पर्वा करत नाही.

नर आधी आला, वरून ओरडून फिरला. मादीनं तसं काही केलं नाही. निंबावरून निघाली ती सरळ घुबडावर. जाळं बांबूंवरून सुटलं आणि तिच्याभोवती गुंडाळलं गेलं. सहदेव धावला. मुठीत धरताच त्याला तिच्या छातीचे ठोके लागले आणि त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्याला आनंदच झाला. वाकडं पीस त्यानं पाहिलं. सत्यभामेला कळू नये म्हणून त्यानं ते मुळाशी कापलं.

पाखरू त्यानं पंजाबरावांच्या अमरावतीतल्या घरी ठेवलं. तिच्या पापण्या त्यानं बारीक दोऱ्यानं शिवल्या, कारण आंधळं झालं की पाखरू तडफडत नाही, आणि मग रोज थोडा थोडा दोरा सैल करायचा. पायांत चामड्याचे पट्टे, डोक्यावर टोपी. दिवसभर मुठीवर घेऊन तो बाजारातून फिरे, माणसांच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. नवं पाखरू चौथ्या दिवशी हातून खातं. हिनं सातव्या दिवशी पहिला तुकडा घेतला. सहदेवाला वाटलं, हात अजून गेला नाही आपला.

पहाटे मळ्यावरून निघताना तो निंबाकडे पाही. नर पायांत होला नाही तर साळुंकी घेऊन येताना दिसे, घरट्यावर उतरे आणि रिकाम्या पायांनी जाई. सहदेवाचं मन हलकं होई. खाऊ घालतोय बाप. आठ-दहा दिवस त्यानं हे पाहिलं. पुढं नर दिसेनासा झाला. पण तोवर वरातीला थोडेच दिवस उरले होते, आणि सहदेव मळ्यावर जेमतेम झोपायला येत होता.

वरात निघाली ती अमरावतीनं बरेच दिवस बोलत राहावं अशी. ताशे, शिंगं, भुईनळे. पंजाबराव घोड्यावर, त्यांच्या मुठीवर लाल मखमली टोपी घातलेलं लग्गड, आणि घोड्याच्या लगामाशी नवा फेटा बांधलेला सहदेव. चौकात त्यानं टोपी काढली, लांब दोरीच्या टोकाला बांधलेलं पाखरू सोडलं आणि पंखांचं आमिष फिरवत शीळ घातली. मादी घरांच्या कौलांवर चढली, वळली, आणि माणसांच्या डोक्यांवरून सुसाट येऊन त्याच्या हातातल्या आमिषावर पडली. चौक ओरडला. कोणा व्यापाऱ्यानं माडीवरून फुलं टाकली. "वा उस्ताद!" एकानं म्हटलं, मग दहांनी म्हटलं. सहदेवाचे डोळे भरून आले. करीमबख्श आज हवे होते, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यभामा अकोल्याहून आली. सुभद्राला मुलगा झाला होता. कापूस उतरवून परतणाऱ्या रिकाम्या बंडीत तिला जागा मिळाली होती. तिनं बोचकं ओट्यावर टाकलं, आणि पाणी न पिताच निंबाखाली गेली. बराच वेळ वर पाहत राहिली.

"काहो जी," तिनं हाक मारली, "पाखरं कोठी गेली?"

"उडून गेली असतीन," सहदेव म्हणाला. "पिलं मोठी झाली असतीन."

"माघाच्या शेवटाले फुटली असतीन अंडी. महिना नाही झाला. कशी उडतीन?"

त्यानं खुरपं हाती घेतलं. तिनं शालिकरामाला बोलावलं. तो झाडावर चढण्यात तरबेज होता. वर गेला, फांदीला पाय अडकवून घरट्यात वाकला.

"वयनी," तो वरून म्हणाला, "तीन पिलं हायत. मेली. वाळून गेली पार."

"सापानं?"

"सापानं ठेवली असती काय? बाजूले होले पडले हायत. पाच-सहा. एक साळुंकी. सबन अख्खे. कोणी चोच नाही लावली त्याइले."

सहदेवाच्या तोंडून निघून गेलं, "असं कसं होईल? नरानं तं रोज आणून टाकलं. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

सत्यभामा सावकाश वळली.

"म्हंजे मादी नव्हती, हे तुमाले ठावं होतं."

शालिकराम खाली उतरला आणि आपल्या मळ्याकडे निघून गेला. वरातीत तोही आला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

सहदेवानं सगळं सांगितलं. पंजाबराव, जाळं, घुबड, कापलेलं पीस. वरातीत लोक काय ओरडले तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, हे बोलता बोलताच त्याला समजलं. सत्यभामा रडली नाही. ती धावेवर बसली आणि मातीकडे पाहून बोलू लागली.

"नर आणते फक्त. भरवत नाही तो. आणलं का तिच्या पुढं ठेवते अन् जाते. ती पिसं काढते, तोडते, बोटाच्या पेराएवढा घास करते अन् एकेकाच्या तोंडात घालते. मधातलं पिल्लू कमजोर राह्यलं तं त्याले आंदी. पंधरा-वीस दिवस असं. तवरिक त्या गोळ्याइले अख्खं पाखरू म्हंजे दगड. अन् दुपारच्या उन्हात तिचं पंखाचं छत नसलं तं ते भाजून जातेत." तिनं मान वर केली. "चार वर्सं पाह्यलं मी हे. तुमाले ठावं नव्हतं?"

"नव्हतं," सहदेव म्हणाला.

ते खरं होतं. एलिचपूरच्या शिकारखान्यात पाखरं जाळ्यातून येत आणि मुठीवर बसत. त्यांच्या आजारांची औषधं उस्तादांना पाठ होती, त्यांच्या उड्डाणाच्या चाळीस खोडी पाठ होत्या. घरट्यात काय चालतं ते तिथं कोणी पाहिलंच नव्हतं. पाहण्याची गरज पडली नव्हती.

"मले विचारलं असतं तं..." सत्यभामा म्हणाली. ती उठून चुलीकडे गेली.

सहदेव तसाच अमरावतीला गेला. वाटेवर भुंग्याच्या आवाजासारखा एकच विचार डोक्यात घुमत होता: पुढं सहा होले पडलेत आणि पिलं उपाशी मेली. बाप आणून टाकतोय आणि पुन्हा उडून जातोय. आणि आपण खाली उभे राहून 'बरं चाललंय' म्हणतोय.

पंजाबराव पाहुण्यांना निरोप देत होते. सहदेवानं पाखरू परत मागितलं तेव्हा तो भांडायच्या तयारीनंच गेला होता. पाटील म्हणाले, "ने ना, लेका. वरात झाली. आता तिचं काय करा लागते? खायलेबी मटण मांगते रोज." आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळले.

ज्या गोष्टीसाठी तीन जीव गेले तिची गरज एका दिवसात संपली होती. पाटलांना शिव्या द्याव्या असं सहदेवाला वाटलं, पण कोणत्या तोंडानं? मादी त्यांनी धरली नव्हती.

मळ्यावर येऊन त्यानं टोपी काढली, पट्टे कापले आणि मूठ वर केली. ती लगेच उडाली नाही. तीन हप्त्यांची सवय होती. मग तिनं आभाळ पाहिलं आणि गेली. नाल्यावरून एक मोठा वळसा घेतला आणि थेट निंबावर, घरट्याच्या काठावर उतरली. मान वाकवून आत पाहिलं. वाळलेल्या पिलांपैकी एकाला चोचीनं जरासं सरकवलं. मग होल्यांतला एक ओढला आणि तो वाळका होला तोडू लागली. तुकडा चोचीत धरून ती तशीच वाकून राहिली, कोणी तोंड उघडायची वाट पाहत.

सहदेवाला पुढं पाहवलं नाही. सत्यभामा विहिरीपाशी उभी होती, तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

तीन दिवस मादी झाडावर होती. मधून मधून ओरडे. नर आला नाही. चौथ्या दिवशी ती दिसली नाही. त्या पावसाळ्याआधीच राघूंचा पहिला थवा जांभांवर उतरला. सहदेव थाळी घेऊन धावला. सत्यभामा वाफ्यातून उठली नाही.

ती त्याच्याशी बोलायची बंद झाली असं नाही. मीठ संपलं, बैल लंगडतो, सुभद्राचा सांगावा आला, सगळं बोले. पण धावेवर बसून भाकर खाताना तिची पाठ आता निंबाकडे असे. सांजेला 'आज काय झालं माहीत हाय काय' हे शब्द पुन्हा तिच्या तोंडी आले नाहीत. ते ऐकण्यासाठी तो किती आसुसला होता हे त्याला आता कळत होतं, आणि चार वर्षं आपण ते हसण्यावारी नेलं हेही.

पुढच्या माघात त्यानं वाट पाहिली. त्याच्याही पुढच्या माघात पाहिली. लग्गड जागेला धरून राहणारं पाखरू. जोडी जगली तर परत येते, हे त्याला ठाऊक होतं. कोणी आलं नाही. भातकुलीच्या अंगाचा गवताचा मोठा पट्टा तोवर कापसाखाली गेला होता. हिवाळ्यात थंड मुलखातून येणारे भोवत्ये, लांब पंखांची ती शिकारी पाखरं, त्या गवतात शेकड्यांनी जमिनीवर झोपत. आता ते सांजेला येत, पंख उभारून नांगरटीवर खालून खालून फिरत, आणि अंधार पडायच्या आत दुसरीकडे निघून जात. पंजाबरावांनी बग्गी घेतली होती. बडनेऱ्याकडे आगगाडीचे रूळ पडत होते. समुद्रापलीकडची लढाई संपली, भाव खाली आला, पण नांगरलेलं गवत परत आलं नाही.

सहदेवानं जाळं जाळलं. नंतर त्यानं एक गोष्ट सुरू केली, ती कोणाला सांगितली नाही. नाल्यापलीकडच्या बाभळीवर कापशीनं घरटं केलं होतं. तो रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागला, हातात काही न घेता. पहिले काही दिवस त्याला काही दिसलं नाही, कारण त्याचा डोळा पाखराची जात, वय, पंखांची ताकद यांवरच जाई. हळूहळू दिसू लागलं. नर उंदीर आणतो, लांबूनच शीळ घालतो. मादी उडून सामोरी जाते, हवेतच त्याच्या पायांतून उंदीर घेते. मग घरट्यावर येऊन तोडते, आणि सगळ्यांत बारीक तुकडा सगळ्यांत मागच्या पिलाला देते.

हे नीट दिसलं त्या दिवशी तो घरी आला आणि वांगी तोडणाऱ्या सत्यभामेपुढं उकिडवा बसला.

"कापशीचंबी तसंच हाय," तो म्हणाला. "तू सांगतलं तसंच. नर देते, ती भरवते."

तिनं वर पाहिलं नाही. दोन वांगी टोपलीत टाकली.

"वाकडीचं सांग मले," तो म्हणाला. "सबन सांग. पह्यल्या वर्सापासून."

वांगी तोडता तोडता ती बोलू लागली. आधी तुटक, मग सलग. पहिल्या वर्षी अंडं कसं खाली पडलं. दुसऱ्या वर्षी नर होला देताना घाबरायचा, वाकडी त्याच्या अंगावर जायची. पिलं मोठी झाल्यावर ती भक्ष्य पायांत धरून त्यांच्यासमोरून उडायची आणि द्यायची नाही, भुकेनं त्यांनी झेप घ्यावी म्हणून. पाऊस आला की नर कुठं बसायचा. सूर्य कलला तरी ती सांगत होती. तो ऐकत होता. मध्ये एकदाही त्यानं एलिचपूरचं नाव काढलं नाही. तिचं बोलणं संपलं तेव्हा तो म्हणाला, "हे म्या तवा ऐकलं असतं तं पाटलाले नाही म्हटलं असतं."

"म्हटलं असतं?" सत्यभामेनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सहदेवानं विचार केला. त्याला चौक आठवला, माडीवरून पडलेली फुलं आठवली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं मान हलवली आणि टोपली डोक्यावर घेतली. त्यानंतर मात्र ती कधीमधी पाखरांचं बोले. थोडंच.

एकोणसत्तरच्या पटकीत सत्यभामा दोन दिवसांत गेली. मळा शालिकरामाच्या हवाली करून सहदेव अकोल्याला लेकीकडे राहायला आला. मोर्णेच्या काठी जावयाची फुलबाग होती. तिथं तो झेंडू आणि शेवंतीला पाणी घाली.

एके दिवशी मूर्तिजापुराकडच्या एका देशमुखांचा कारभारी त्याला शोधत आला. देशमुखांना ससाणा पाळायची हौस होती. "अमरावतीच्या वरातीची गोष्ट आमी आयकली," कारभारी म्हणाला. "पाखराइची सबन विद्या तुमाले हाय म्हणतेत."

सहदेव पाण्याची घागर तिरपी धरून उभा होता.

"लोक चुकीचं सांगतेत," तो म्हणाला. "थे माह्या बायकोले समजत होतं. थे गेली."

कारभाऱ्याला वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. तो जोडे घालून निघून गेला. सहदेवानं घागर ओतली आणि दुसरी भरायला नदीकडे उतरला.